झोंबी चावत नव्हता, राबत होता

प्रति,
मराठीत भयपट, मालिका आणि वेबसिरीज लिहिणाऱ्या व दिग्दर्शित करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात काम करते. महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी रात्री वाचनालयाच्या माडीवर आम्ही जुने चित्रपट दाखवतो. भिंतीवर पांढरी चादर, खाली सतरंज्या, पंचवीस-तीस माणसं. दिवाळीनंतरच्या शनिवारी आम्ही ‘व्हाइट झोंबी’ लावला. १९३२ सालचा, दिग्दर्शक व्हिक्टर हॅल्पेरिन, मुख्य भूमिकेत बेला लुगोसी. पूर्ण लांबीचा पहिला झोंबीपट म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. तुमच्यापैकी ज्यांनी तो बघितला नसेल त्यांनी हे पत्र बाजूला ठेवून आधी तो बघावा. कॉपीराइटच्या कचाट्यातून तो केव्हाच सुटलाय, इंटरनेटवर फुकट मिळतो, आणि सव्वा तासाच्या आत संपतो.

त्यात साखरेच्या घाण्याचा एक प्रसंग आहे. उसाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन माणसं एका ओळीत येतात, ऊस घाण्यात ओततात, पुढे सरकतात. दुसरी माणसं लाकडी दांडे रेटत मोठं चाक फिरवतायत. कुणी बोलत नाही. पार्श्वसंगीत नाही. फक्त लाकडाची कुरकुर, लांबलचक, जनावर कण्हावं तशी. टोपलीवाल्यांपैकी एकाचा तोल जातो आणि तो आत पडतो. तो ओरडत नाही. मागचा थांबत नाही. चाक फिरत राहतं. या घाण्याचा मालक म्हणजे लुगोसी. तो पाहुण्या मळेवाल्याला सांगतो, की माझी माणसं इमानाने काम करतात, कामाचे तास वाढले म्हणून तक्रार करत नाहीत.

आमच्या वाचनालयाची झाडलोट करणाऱ्या मावशी त्या रात्री दाराशी बसून बघत होत्या. त्या मूळच्या बीडकडच्या. लग्नानंतर बरीच वर्षं नवऱ्याबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, यायच्या, मग इथेच राहिल्या. इंग्रजी त्यांना येत नाही. तो घाणा पडद्यावर आला तशा त्या मोठ्याने म्हणाल्या, “ह्यांचा मुकादम कोन हाय?” आणि थोड्या वेळाने, जरा हळू, “आन उचल कुनी घेतली व्हती?”

कुणी हसलं नाही. मुकादम म्हणजे मजुरांची टोळी आणणारा, आणि उचल म्हणजे आधीच घेतलेले पैसे, जे राबून फेडायचे. आमच्या भागात हे प्रश्न सगळ्यांना कळतात. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. झोंबीबद्दल मी गेल्या काही वर्षांत जे वाचलं त्याचा सगळा गाभा मावशींनी दोन वाक्यांत विचारला होता, आणि आपल्याकडे येणाऱ्या भयकथांमध्ये नेमकं तेच कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र.

आपल्या पटकथांमध्ये झोंबी म्हणजे काय असतं? कसलासा विषाणू, फाटके कपडे, वाकडी मान, चावा. चावला की चावलेलाही झोंबी. आणि ‘वूडू’ म्हणजे कापडाची बाहुली आणि तिला टोचलेल्या टाचण्या. या दोन्ही कल्पना जगभर पोचल्या त्या कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशातून, पण यातलं जवळजवळ काहीच हैतीतलं नाही. हैतीचा झोंबी चावत नाही. माणूस खात नाही. तो कुणाच्या मागेही लागत नाही. तो राबतो. त्याला थडग्यातून उठवलं जातं ते कामाला लावण्यासाठी. हैतीच्या माणसाला झोंबीची भीती वाटत नाही, झोंबी होण्याची वाटते. या दोन भीतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो तुमच्यासारख्या गोष्ट सांगणाऱ्यांनी तरी विसरू नये, असं मला मनापासून वाटतं.

ही भीती आली कुठून? हैतीचं जुनं नाव सँ-दोमँग. १६९७ पासून फ्रेंचांची अधिकृत वसाहत. १७८० च्या दशकात युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के साखर या एवढ्याशा मुलखातून जायची, आणि निम्म्याहून जास्त कॉफीही. हे सगळं पिकवणारे गुलाम क्रांतीच्या आधी जवळजवळ ५ लाख होते आणि त्यातले निम्म्याहून अधिक आफ्रिकेत जन्मलेले, म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी घर बघितलेले. माणसं इतक्या वेगाने मरत की जहाजं भरभरून नवी आणावी लागत. कॅरिबियन बेटांवरच्या घाण्याशेजारी एक कुऱ्हाड ठेवलेली असायची. गाळपाच्या दिवसांत रात्रभर घाणा चालायचा, ऊस सारणाऱ्याला डुलकी लागायची आणि ऊस धरलेली बोटं घाण्याच्या फिरत्या रुळांमध्ये जायची. मग सगळा माणूस आत ओढला जाऊ नये म्हणून हात तोडायचा. लहानपणी आमच्या मळ्यातल्या गुऱ्हाळात चरकाजवळ गेलं की आजोबा दंडाला धरून मागे खेचायचे. त्यांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे, म्हणून ही कुऱ्हाड मला वाचून सोडून देता आली नाही. चित्रपटातल्या त्या घाण्यात पडलेल्या माणसाकडे आता परत बघा.

या माणसांची एक श्रद्धा होती: मेल्यावर जीव समुद्राखालून परत गिनीला जातो, म्हणजे आफ्रिकेला, पूर्वजांकडे. मरण हीच घरी जायची वाट. आणि झोंबी म्हणजे ज्याची ती वाटसुद्धा कुणीतरी अडवली असा माणूस. मेला तरी सुटला नाही. बोकोर नावाच्या मांत्रिकाने त्याला उठवलं, त्याची आठवण काढून घेतली आणि परत उसाच्या फडात उभं केलं. यापेक्षा भयंकर कल्पना मी तरी ऐकलेली नाही, आणि तिच्यात रक्ताचा एक थेंबही नाही.

शब्दाचं मूळ कोंगो-अंगोलाकडच्या भाषांमध्ये असावं, असं मानतात. तिथे ‘न्झांबी’ म्हणजे देव आणि ‘न्झुंबी’ म्हणजे मेलेल्याचा आत्मा. ब्राझीलमध्ये पळून गेलेल्या गुलामांनी पाल्मारेस नावाची स्वतःची वस्ती उभारली होती, तिच्या शेवटच्या नायकाचं नाव होतं झुंबी. २० नोव्हेंबर १६९५ ला पोर्तुगीजांनी त्याला मारलं. तो दिवस ब्राझीलमध्ये आज कृष्णवर्णीयांच्या आत्मभानाचा दिवस म्हणून पाळतात. आपल्या भाषेत तर ‘झोंबी’ म्हणजे झटापट, अंगाला अंग भिडवून केलेली. हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.

आता मिठाची गोष्ट. झोंबीला मीठ खाऊ घालायचं नाही, असा हैतीत दंडक आहे. मीठ जिभेला लागलं की त्याला आठवतं: आपण कोण, आपलं गाव कुठलं, आणि आपण मेलेलो आहोत. मग त्याला कुणी अडवू शकत नाही.

अमेरिकन पत्रकार विल्यम सीब्रुक याने १९२९ च्या आपल्या हैतीवरच्या पुस्तकात एक ऐकीव गोष्ट दिली आहे. व्हाइट झोंबी काढणाऱ्यांच्या हातात हेच पुस्तक होतं. १९१८ सालचा उसाचा हंगाम, पीक जोरात, हैती-अमेरिकन शुगर कंपनीला मजूर कमी पडतायत. ती जादा मजुरी जाहीर करते. एके सकाळी जोसेफ नावाचा एक म्हातारा फाटक्या कपड्यांतल्या माणसांची टोळी घेऊन हजर होतो. माणसं मान खाली घालून उभी, नाव विचारलं तर उत्तर नाही. जोसेफ सांगतो, ही लांबच्या डोंगरातली अडाणी माणसं, इथली भाषा त्यांना कळत नाही, गोंगाटाला घाबरतात, त्यांना फडाच्या लांबच्या टोकाला काम द्या. ती दिवसभर खपतात. शनिवारी सगळ्यांचा पगार जोसेफ घेतो. रात्री त्याची बायको त्यांना अळणी शिजवून घालते. मग एक सण येतो. जोसेफ शहरात जातो. बायकोला या मुक्या माणसांची कणव येते, ती त्यांना मिरवणूक बघायला बाजारच्या गावी नेते आणि त्यांच्या हातावर गोडाच्या वड्या ठेवते. उसाची तांबडी साखर आणि शेंगदाणे, आपली चिक्कीच म्हणा ना. पण करणाऱ्याने दाणे आधी खारवलेले होते. माणसं वडी चावतात, एकदम हंबरडा फोडतात, वळतात आणि डोंगराकडे चालू लागतात. गावात पोचतात तेव्हा घरचे त्यांना ओळखतात, हाका मारतात. ती कुणाकडे बघत नाहीत. सरळ स्मशानात जातात आणि ज्याच्या-त्याच्या थडग्यावरची माती हातांनी उकरू लागतात.

मुकादम कोण, पगार कोण उचलतो, टोळी कुठून आणली, सगळं या गोष्टीत आहे. मावशींनी चित्रपट बघून जे विचारलं ते हैतीतल्या शेतकऱ्याने आपल्या गोष्टीत आधीच सांगून ठेवलं होतं. चित्रपटवाल्यांनी ते निम्मंअर्धं घेतलं.

आणि मीठ! आपण ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ म्हणतो. आपल्या भाषेत मीठ माणसाला धन्याशी बांधतं. हैतीत तेच मीठ माणसाला धन्यापासून सोडवतं. तिथेही माणूस मिठाला जागतो, पण खडबडून जागा होतो. हा एक शब्द घेऊन बसलात तरी तुम्हाला अख्खी पटकथा मिळेल. कुणीतरी ती लिहावी म्हणून मी हे इतकं पाल्हाळ लावलंय.

ही गोष्ट १९१८ ची का, तेही बघायला हवं. १७९१ च्या ऑगस्टमध्ये सँ-दोमँगचे गुलाम उठले, त्यांनी उसाचे मळे जाळले, नेपोलियनच्या फौजेला हरवलं आणि १ जानेवारी १८०४ ला स्वतंत्र हैती जाहीर केला. गुलामांनी बंड करून उभारलेलं जगातलं हे एकमेव राष्ट्र. फ्रान्सने १८२५ मध्ये लढाऊ जहाजं पाठवून या राष्ट्राकडे १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली, म्हणजे हातातून गेलेल्या गुलामांची आणि मळ्यांची किंमत. रक्कम पुढे कमी केली, पण ती भरायला काढलेल्या कर्जाची परतफेड १९४७ पर्यंत चालू होती. सगळ्या देशानेच उचल घेतल्यासारखं झालं, न घेतलेली. १९१५ मध्ये अमेरिकेने तिथे सैन्य उतरवलं आणि ते १९३४ पर्यंत हटलं नाही. रस्ते बांधायला एक जुना कायदा उकरून काढून वेठबिगार सुरू केली, शेतकऱ्यांना दोरीने एकमेकांना बांधून कामावर नेलं. त्याच दिवसांत झोंबीच्या गोष्टी गावोगाव ऐकू येत होत्या. ‘व्हाइट झोंबी’ पडद्यावर आला तेव्हाही अमेरिकन सैनिक हैतीत होतेच.

आणि त्या चित्रपटाचं नाव बघा. काळे झोंबी घाण्यात मरतात त्याबद्दल चित्रपटाला फार काही वाटत नाही. एक गोरी नवरीमुलगी झोंबी होते, हे त्याचं भय. मूळ दुःख ज्यांचं होतं ते मागे गेले, सजावट झाले. तरी तो घाण्याचा प्रसंग त्या सिनेमात आहे, आणि लोककथेचा जीव तेवढ्यात धडधडताना ऐकू येतो. म्हणून मी त्याला अभिजात म्हणते, बाकीचा अभिनय कितीही नाटकी असला तरी.

अकरा वर्षांनी, १९४३ मध्ये, निर्माता वॅल ल्युटन आणि दिग्दर्शक झाक तूर्नर यांनी ‘आय वॉक्ड विथ अ झोंबी’ केला. तो याहून कितीतरी शहाणा चित्रपट आहे. कॅनडातली एक नर्स बेटावर येते. घोडागाडीवाला तिला सांगतो, की साखळदंडांनी जहाजाच्या तळाशी जखडून आमच्या पूर्वजांना इथे आणलं. ती म्हणते, पण किती सुंदर जागी आणलं! तो म्हणतो, “तुम्ही म्हणाल तसं, बाईसाहेब.” पुढे घराच्या अंगणात त्याच गुलामांच्या जहाजावरची लाकडी मूर्ती दिसते, बाणांनी टोचलेला संत सेबास्टियन, आणि तिच्या अंगावरून पाणी ठिबकत असतं. एवढंच. अंगावर काटा येतो.

मग १९६८. जॉर्ज रोमेरोने पिट्सबर्गच्या आसपास, एक लाखाहून थोड्या जास्त डॉलरमध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला. तुम्ही ज्याला झोंबी म्हणता तो चावरा, मांसखाऊ मुडदा इथे जन्मला. गंमत म्हणजे त्या चित्रपटात ‘झोंबी’ हा शब्द एकदाही येत नाही. तो नंतर लोकांनी चिकटवला. रोमेरोचा चित्रपट मोठाच आहे. त्याचा काळा नायक रात्रभर मुडद्यांशी लढून जगतो आणि सकाळी गोऱ्या बंदूकवाल्यांच्या टोळीकडून मारला जातो. पण या चित्रपटाची नक्कल करणाऱ्यांनी चावा तेवढा उचलला. हैती गेला, ऊस गेला, मीठ गेलं.

मी तुम्हाला दोष द्यायला बसलेली नाही. ‘झोंबिवली’ २०२२ मध्ये आला तेव्हा आम्ही वाचनालयाची चौघं-पाच जणं एसटीने सांगलीला जाऊन थिएटरात बघून आलो. मराठीत झोंबी आला, तोही डोंबिवलीत, आणि टॉवर आणि वस्ती यांच्यातला झगडा घेऊन आला, याचं आम्हाला कौतुक वाटलं. पुढचं पाऊल याहून खोल पडावं, एवढीच मागणी आहे. आणि वूडूच्या बाहुल्या तर कृपा करून बंद करा. ज्याला आपण वूडू म्हणतो तो वोदू हा लाखो माणसांचा धर्म आहे, हैतीने २००३ मध्ये त्याला अधिकृत मान्यता दिली. टाचण्यांच्या बाहुल्या त्या धर्मातल्या नाहीत. २०१० च्या भूकंपात हैतीत लाखाच्या वर माणसं गेली तेव्हा अमेरिकेतल्या एका धर्मप्रचारकाने टीव्हीवर सांगितलं होतं, की यांच्या पूर्वजांनी सैतानाशी करार केला होता म्हणून हे भोगतायत. पडद्यावरच्या खोट्या बाहुल्यांतूनच अशी वाक्यं लोकांना पटायला लागतात.

आपल्याकडे काय आहे? माझी आजी सांगायची: रात्री वाटेत भूत भेटलं आणि त्याची शेंडी कापून लपवून ठेवली, की ते भूत तुमच्या दारी राबतं. पाणी शेंदतं, नांगर धरतं, रात्रीत अख्खं रान कापून टाकतं. मात्र शेंडी त्याच्या हाती लागू द्यायची नाही. एक दिवस घरातलं कुणीतरी बेसावध राहतं, कणगी हलवताना शेंडी सापडते, आणि भूत निघून जातं. लहानपणी मला त्या घरातल्या माणसांची काळजी वाटायची. आता वाटतं, ही गोष्ट पहिल्यांदा कुणी सांगितली असेल? शेंडी कापणाऱ्याने, की राबणाऱ्याने? शेंडीच्या जागी मीठ ठेवा, हैती येतो. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई, मुंजा म्हणजे सोडमुंजीच्या आधीच गेलेला पोर. आपली सगळी भुतं कुणाच्या ना कुणाच्या खऱ्या मरणावर उभी आहेत. ती घेताना ते मरणही घ्या.

आणि एक जागा सुचवते, पटली तर बघा. इंग्रजांच्या वसाहतींत गुलामी बंद झाल्यावर मॉरिशसच्या साखरमळ्यांसाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारावर बांधलेले मजूर, नेले. त्यात मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती, बरीचशी कोकणातली. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवून घेतात. गुलामांनी रिकाम्या केलेल्या खोपट्यांत जी माणसं राहायला गेली, त्यांना रात्री कोण भेटलं असेल? त्यांचा वेताळ, त्यांचा मुंजा बोटीत चढला असेल का? मराठीतला अस्सल झोंबीपट तिथे, त्या उसात, माझ्या डोळ्यांसमोर उभा राहतो.

मावशींना मी मिठाची गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितली. त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवून ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाल्या, “गावाची वाट कशी घावली त्यास्नी? येताना तर मुंडी खाली घालून आनली व्हती.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर कळवा, मी त्यांना सांगेन.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आम्ही १९४३ चा चित्रपट लावणार आहोत. तेव्हा आमच्याकडे गाळप ऐन भरात असतं, गावाबाहेर ऊसतोडवाल्यांच्या कोप्या पडलेल्या असतात आणि पहाटे तीनला फडाकडे जाणाऱ्या गाड्यांचे आवाज येतात. चित्रपट संपल्यावर मुक्काम करा. माझं घर वाचनालयाच्या मागेच आहे.

आपली,
वाचनालयातली एक सेविका